बारा बोअरची बंदूक आणि दोन कान

बंदूक घेणारा माणूस पुष्कळ गोष्टी पारखून घेतो. दस्त्याचे लाकूड, नळीची लांबी, दोन नळ्या शेजारी-शेजारी हव्यात की एकावर एक, काडतुसांचा भाव, परवान्याच्या कागदपत्रांची जुळवाजुळव, हे सारे चर्चेत येते. कानांचा विषय मात्र बहुधा निघतच नाही. निघालाच तर दुकानदाराने सोबत दिलेल्या फोमच्या बोळ्यांच्या जोडीवर किंवा घरातल्या कापसावर भागवले जाते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बंदूक आहे, तिथे ‘आजोबांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचे’ असे सहज सांगितले जाते आणि तो दोष वयाच्या खात्यावर मांडला जातो. त्यातला काही हिस्सा बंदुकीच्या खात्यावर जायला हवा, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बारा बोअरच्या बंदुकीचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी साधारणपणे १५० ते १६५ डेसिबलपर्यंत जातो. नळी आखूड असेल तर तिचे तोंड कानाच्या अधिक जवळ येते आणि आवाजही वाढतो. डेसिबलचे मोजमाप सरळ चढत नाही, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे दसपट ऊर्जा, वीसची वाढ म्हणजे शंभरपट. आपल्याकडे फटाक्यांसाठी १९९९ मध्ये घालून दिलेली मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबल या शिखरमूल्याची आहे. म्हणजे १५५ डेसिबलचा बार कानाशी काढणारा माणूस त्या मर्यादेच्या दसपट ऊर्जा झेलत असतो, आणि तीही चार मीटरवरून नव्हे. क्षणिक धमाक्यांच्या बाबतीत १४० डेसिबलच्या पुढे उघड्या कानाने जाऊ नये, असे जगभरच्या औद्योगिक सुरक्षा नियमांत मानले जाते. बारा बोअरची बंदूक ही रेषा पहिल्याच काडतुसात ओलांडते.

कानाला स्वतःचे संरक्षण नाही असे नाही. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा रोखून धरतो. पण त्याला हालचाल करायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो, आणि बाराचा तडाखा त्याच्या आत येऊन गेलेला असतो. पहारेकरी जागा होईपर्यंत चोर घर लुटून पसार व्हावा, तसा हा प्रकार. तडाखा पोहोचतो तो आतल्या कानातील शंखाकृती नलिकेपर्यंत. तिथे प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. माणसाच्या बाबतीत या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर आज औषध नाही आणि श्रवणयंत्र ही तडजोड आहे, भरपाई नव्हे.

या हानीची सुरुवात फसवी असते. पहिल्यांदा जातो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे आवाजाची वरची पट्टी. गाडीचा हॉर्न, कुत्र्याचे भुंकणे, दारावरची थाप सगळे नीट ऐकू येते, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. धूसर होतात ती स, श, च, ट, त यांसारखी व्यंजने. ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’, ‘साठ’ या शब्दांतून व्यंजने पुसून टाका, मग उरतो तो एकच लांब ‘आ’. बाजारात भाव दोनदा विचारावा लागतो, सून तोंडातल्या तोंडात बोलते अशी तक्रार सुरू होते. आणखी एक विशेष असा, की उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान आधी बिघडतो. बंदूक रोखताना डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला येतो. फोन उजव्या कानाला लावण्याची सवय असेल, तर डाव्याची तक्रार वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती रायफल. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि बालेवाडीपासून गल्लीबोळांतल्या खासगी रेंजपर्यंत मुलांची गर्दी वाढली. ही मुले शिकतात ती बहुतांशी एअर रायफलवर. तिचा आवाज छडीच्या फटकाऱ्याएवढा, त्यामुळे कानांची शिस्त तिथे फारशी अंगी बाणत नाही. हाच नेमबाज पुढे तबकड्या फोडायच्या शॉटगनकडे वळला, की तो वेगळ्याच जगात येतो. राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या २००४ च्या अथेन्समधील रौप्यपदकाने हा प्रकार भारतीयांना ठाऊक झाला; पण त्यातला आवाज दूरचित्रवाणीवर कळत नाही.

थोडा हिशेब मांडू. ट्रॅप प्रकारात एका फेरीत प्रत्येकाला २५ तबकड्या मिळतात आणि एका तुकडीत सहा नेमबाज असतात. पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीवर दुसरी गोळी झाडण्याची मुभा असते. म्हणजे एका फेरीत कमीत कमी दीडशे आणि जास्तीत जास्त तीनशे बार होतात. त्यांपैकी स्वतःचे फार तर पन्नास, बाकीचे काही पावलांवरच्या शेजाऱ्यांचे. पात्रता फेरी १२५ तबकड्यांची, म्हणजे अशा पाच फेऱ्या, आणि सराव त्याहून कितीतरी अधिक. स्वतःचा बार झाला की कानातले साधन काढून गप्पा मारणाऱ्याने आपले संरक्षण सहा भागांतून एका भागापुरतेच केलेले असते.

सोयीचा मुद्दा इथे येतो, आणि तो ऐषआरामाचा नाही. जे साधन टोचते, घामाने चिकटते, डोके आवळते किंवा नेम चुकवते, ते माणूस दर दहा मिनिटांनी सरकवतो आणि अखेर काढून ठेवतो. चार तासांपैकी अर्धा तास जरी कान उघडा राहिला, तरी वेष्टनावरचा मोठा आकडा कागदावरच राहतो. म्हणून किंमत आणि आकडा यांच्या आधी ‘हे मी दिवसभर घालून राहीन का’ हा प्रश्न विचारावा.

तो आकडाही समजून घ्यावा लागतो. अमेरिकी वेष्टनांवर ‘एनआरआर’ आणि युरोपीय वेष्टनांवर ‘एसएनआर’ अशी अक्षरे असतात. दोन्ही मोजण्याच्या रीती वेगळ्या असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. प्रयोगशाळेत तज्ज्ञाने बसवून मोजलेले मूल्य प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून अमेरिकेतील निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने एक ढोबळ नियम दिला आहे. तिथल्या आकड्यातून मफचा पाव भाग, फोमच्या प्लगचा निम्मा आणि इतर तयार प्लगचा सत्तर टक्के भाग वजा धरावा. ३३ आकड्याचा फोम प्लग असा हिशेबात साडेसोळावर येतो आणि २४ आकड्याचा मफ १८ वर. १५५ डेसिबलच्या बारातून साडेसोळा वजा केले की कान १४० च्या काठावर उभा राहतो. प्लग आणि त्यावर मफ अशी दोन्ही साधने घातली, तर बेरीज पूर्ण होत नाही. दोघांतल्या सरसापेक्षा साधारण पाच डेसिबल अधिक मिळतात. पाच हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ऊर्जेच्या भाषेत तो तिपटीहून अधिक आहे. छताखालच्या रेंजवर किंवा दिवसभराच्या सरावात दोन्ही घालावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोमचा बोळा हे सर्वांत स्वस्त आणि नीट बसवला तर सर्वांत गुणी साधन. पण बहुतेकांच्या कानात तो अर्धा बाहेर लोंबत असतो. स्वच्छ हाताने तो सुरकुती न पडू देता बारीक वळावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे आतला वळणाचा मार्ग सरळ होतो. मग बोळा आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. बसला की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. गोंगाटात दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरावेत आणि सोडावेत. आवाजात ठळक फरक पडला, तर बोळा गळतो आहे. दोन्ही कानांच्या वाटा सारख्या नसतात. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान माप लागले तर त्यात नवल नाही. स्त्रियांना आणि किशोरवयीन मुलांना नेहमीचे माप मोठे होऊन दुखते आणि मग ‘मला हे सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सोसत नसते ते माप. शॉटगनमध्ये आणखी एक अडचण येते. गाल दस्त्यावर दाबला जातो, जबडा हलतो आणि पंधरा-वीस बारांनंतर बोळा हळूहळू बाहेर सरकतो. प्रत्येक फेरीनंतर तो पुन्हा बसवण्याची सवय लावून घ्यावी. आणि कापसाबद्दल एकच वाक्य पुरे: बारापुढे कापूस जवळजवळ निरुपयोगी आहे.

कानांवर बसणाऱ्या मफची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण शॉटगन ही डोळ्यापेक्षा गालाने नेम धरायची बंदूक आहे. डोके दस्त्यावर एकाच जागी, एकाच दाबाने टेकले पाहिजे. मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळाच. मफची वाटी जाड असली, की दस्त्याची वरची कड तिच्या खालच्या काठाला धडकते. मग दोनच गोष्टी घडू शकतात. वाटी उचलली जाऊन फट पडते आणि नेमक्या बाराच्या क्षणी कान उघडा पडतो, किंवा नेमबाज नकळत मान वर धरतो आणि तबकडी चुकते. पुष्कळ जण मफला दोष देऊन तो टाकून देतात; चूक वाटीच्या आकाराची असते. शॉटगनसाठी खालच्या बाजूला कापलेल्या, पातळ वाट्यांचे मफ मिळतात. ते थोडा कमी आकडा देतात, पण जागेवर राहतात. दुकानात नुसता आरशात पाहून मफ घेऊ नये. आपली बंदूक सोबत नेता येत नसेल तर रेंजवर एखाद्याचा मफ मागून घ्यावा, रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला धरून ती दहा वेळा खांद्याला लावावी. एकदाही ‘टक्‌’ असा स्पर्श झाला, तर तो मफ आपला नाही. ज्यांना कोणतीच वाटी जमत नाही, त्यांनी चांगल्या प्लगवरच भिस्त ठेवावी.

वाटीची गादी कानाभोवती पूर्ण टेकली पाहिजे, हे आपल्याकडे सोपे नाही. नेमबाजीचा चष्मा तर हवाच, पण त्याची जाड काडी गादीखाली फट पाडते. पातळ, चपट्या काड्यांचा चष्मा निवडला तर कान आणि डोळे दोघांचेही भागते. भिकबाळी घालणाऱ्या पुणेकरांना मफ टोचतो, कारण मोती नेमका गादीखाली येतो. वेल आणि मोठ्या कुड्याही तशाच. त्या दिवसापुरत्या उतरवून ठेवाव्यात. टोपी असेल तर मफची पट्टी टोपीवरून गेली तरी चालते, वाट्यांखाली मात्र कापड येता कामा नये. कानटोपी किंवा उपरण्यावरून मफ चढवणे म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणे. चैत्र-वैशाखात घामाने गादी ओली होते. जेलच्या गाद्या थोड्या थंड आणि मऊ असतात, पण महाग. साध्या गाद्याही घाम आणि उन्हाने टणक होतात, चिरतात आणि गळू लागतात. त्या बदलता येतात की नाही, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

आता रेंजवरून रानात येऊ. पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून मंचरकडे निघाले की पेठ लागते. जुन्नर आणि आंबेगावच्या या पट्ट्यात धरणांच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबटे राहू लागले. जुन्नर वनविभाग आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र ही नावे शहरातल्या वाचकालाही आता परिचयाची झाली आहेत. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा पाणी द्यायला रात्रीच जावे लागते, रानडुकरांपासून पीक राखावे लागते आणि सोबत हाळ्या, डबे, फटाके असतात. काहींच्या घरी परवान्याची बंदूकही असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षण वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. बिबट्या हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्यावर ही बंदूक रोखायची नसते, हे सांगायला हवे.

या माणसाला ‘कानात घट्ट बोळे घाला’ असे सांगणे हा शहरी भाबडेपणा ठरेल. रात्री उसाच्या कडेला उभ्या असलेल्याचे डोळे निम्मे कामाचे. त्याचा खरा आधार कान. पाचटाची सळसळ, कुत्र्याचे अचानक थांबलेले भुंकणे, बांधापलीकडून आलेली हाक, यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. तो कान बंद करणार नाही, आणि करूही नये. पण पुढच्या दहा वर्षांत बारांनी तोच कान बोथट केला, तर सळसळ ऐकू येणार नाहीच. वरची पट्टी आधी जाते आणि वाळल्या पानांचा आवाज बराचसा त्याच पट्टीत असतो.

यावर दोन मार्ग आहेत. बारीक छिद्राची गाळणी असलेले प्लग मिळतात. त्यांतून हळू आवाज बऱ्यापैकी आत येतो आणि धमाक्याला मात्र ते छिद्र अडथळा करते. त्यांना बॅटरी लागत नाही, त्यांवर दस्ता आपटत नाही आणि रात्रभर ते सोसवतात. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक मफचा. बाहेरचा बारीक आवाज तो मायक्रोफोनने टिपून आत मोठा करून ऐकवतो आणि मोठा आवाज येताच वाढवणे थांबवतो. मग उरते ते वाटीचे नेहमीचे संरक्षण. रेंजवरच्या सूचनाही त्यातून स्वच्छ ऐकू येतात. तो महाग असतो, वारा सुटला की आत घोंघावतो, पावसात जपावा लागतो आणि मूळ आकडा पुष्कळदा साध्या मफपेक्षा कमीच असतो. दोन्ही बाजूंना वेगळा मायक्रोफोन असलेलाच घ्यावा, नाहीतर आवाजाची दिशा कळत नाही, आणि रानात दिशा हीच तर महत्त्वाची. स्पर्धक खेळाडूंनी मात्र आधी नियम पाहावेत. संदेश स्वीकारणारी यंत्रणा असलेले साधन स्पर्धेत खेळाडूला चालत नाही. या दोहोंपैकी काहीच परवडत नसेल, तर साधा मफ गळ्यात अडकवून ठेवावा आणि बार काढण्याआधी दोन सेकंद तो कानांवर चढवावा. हवेत इशाऱ्याचा बार काढणाऱ्याला तेवढी उसंत असतेच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहे.

बंदूकधाऱ्यापेक्षा कधी कधी शेजारचा माणूस अधिक सोसतो. नळीच्या तोंडाच्या बाजूला, किंचित पुढे उभे असलेल्याच्या कानाशी आवाज चालवणाऱ्याच्या कानापेक्षाही मोठा असू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीलगत किंवा गोठ्याच्या दारातून बार काढला, तर परतलेला आवाजही त्यात मिळतो. हौसेने पाहायला आलेली मुले आणि बॅटरी धरणारा गडी यांना मागे उभे करावे आणि त्यांनाही कानाचे साधन द्यावे. लहान मुलांच्या कानात बोळे नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी लहान पट्टीचा मफ बरा.

कानाच्या मापाचे, साचा घेऊन केलेले प्लग हा नियमित नेमबाजासाठी सर्वांत सुखाचा पर्याय. श्रवणतज्ज्ञ कानात मऊ लगदा भरून साचा घेतात. त्या वेळी तोंड एकदा उघडून-मिटून पाहायला सांगतात का, याकडे लक्ष द्यावे, कारण जबड्याच्या हालचालीत फट पडू नये. काही वर्षांनी, किंवा वजनात मोठा फरक पडल्यास, ते पुन्हा करावे लागतात. कोणताही प्लग ओला ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात कानात बुरशी होणे ही नेहमीची तक्रार आहे आणि दमट डबीतला मळका प्लग तिला आमंत्रणच देतो. फोमचे बोळे मळले वा फुगायचे थांबले की टाकून द्यावेत, सिलिकॉनचे साबणाने धुऊन वाळवावेत. कान वाहत असेल तर प्लग घालूच नयेत आणि बंदुकीलाही तोवर विश्रांती द्यावी.

बारानंतर कानाला दडे बसले, गुंई असा आवाज राहिला, तर तो ‘उद्या जाईल’ म्हणून सोडून देऊ नये. बऱ्याचदा तो जातो, पण प्रत्येक वेळी सारे पूर्ववत होतेच असे नाही. दुसऱ्या दिवशीही ऐकू कमी येत असेल, तर दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. काही प्रकारांत लवकर दिलेल्या औषधाचा उपयोग होतो आणि उशीर झाला की तो कमी होत जातो. बंदूक हाती घेण्याआधीच एकदा ऑडिओमेट्री करून आलेख जपून ठेवावा. ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही ती आहे. पुढे दरवर्षी नवा आलेख जुन्याशेजारी ठेवायचा आणि ४००० हर्ट्‌झपाशी, विशेषतः डाव्या कानाच्या रेषेत, खळगा पडतो आहे का ते पाहायचे. खळगा दिसू लागला, तर प्लग बसवण्याची पद्धत, माप आणि मफची गादी या तिन्ही गोष्टी त्याच आठवड्यात तपासून घ्याव्यात.